दाखवण्याची चूक, लपवण्याची चूक

एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचं ‘इन द कन्झर्व्हेटरी’ हे १८७९ सालचं चित्र आधी फोनवर शोधून बघा. एक मिनिट लागेल.

झाडांनी भरलेलं एक काचघर. बाकावर राखाडी पोशाखातली एक बाई बसली आहे. बाकाच्या पाठीवर रेलून एक दाढीवाला पुरुष तिच्याकडे झुकला आहे. ती मात्र त्याच्याकडे बघत नाहीये, भलतीकडेच कुठेतरी बघते आहे. दोघांचे हात एकमेकांच्या जवळ आलेत, पण टेकलेले नाहीत. दोघांच्याही बोटांत अंगठ्या दिसतात. हे नवरा-बायको पॅरिसमधले, मानेच्या ओळखीचे. त्यांचं कपड्यांचं दुकान होतं. बास, चित्रात एवढंच आहे.

आता सांगा, यात एखाद्या सम्राटाला राग यावा असं काय आहे?

तरीही राग आला. या आणि अशा चित्रांवरून बर्लिनमध्ये जवळपास बारा वर्षं एक भांडण चाललं. एका बाजूला जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच राज्यातल्या एका संग्रहालयाचा संचालक, ह्यूगो फॉन चुडी. भांडणाचा विषय चित्रं होती, पण खरा प्रश्न असा होता, की लोकांनी काय बघावं हे कुणी ठरवायचं? आणि ज्याला ते ठरवायला नेमलंय, त्याने लोकांना आवडतं ते दाखवायचं, मालकाला आवडतं ते दाखवायचं, की त्याला स्वतःला पटतं ते?

चुडी कोण होता?

नावातला ‘फॉन’ हा जर्मन भाषेत खानदानी घराण्याची खूण. चुडी हे स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसचं जुनं घराणं. सोळाव्या शतकात याच घराण्यात एगिडियुस चुडी हा बखरकार होऊन गेला. विल्यम टेलची गोष्ट पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचली त्यात त्याच्या बखरीचा मोठा वाटा आहे. म्हणजे सत्ताधाऱ्याच्या टोपीपुढे मान न झुकवणाऱ्या माणसाची गोष्ट जपणारं घर. ह्यूगोचे वडील योहान याकोब फॉन चुडी हे निसर्गशास्त्रज्ञ. पेरू देशातल्या प्रवासांमुळे ते नावाजले आणि पुढे व्हिएन्नात स्वित्झर्लंडचे राजदूत झाले. आईकडचे आजोबा चित्रकार. ह्यूगोचा जन्म १८५१ सालचा, ऑस्ट्रियातला. शिक्षण कायद्याचं, ओढा चित्रांकडे.

१८८४ साली तो बर्लिनला आला आणि विल्हेल्म बोडे या दिग्गज संग्रहालयतज्ज्ञाच्या हाताखाली काम करू लागला. बारा वर्षं त्याने जुन्या चित्रांचा आणि शिल्पांचा अभ्यास केला. पंधराव्या शतकातल्या नेदरलँड्सच्या चित्रकलेवर त्याचा विशेष हात होता. थोडक्यात, १८९६ साली त्याला बर्लिनच्या नॅशनलगॅलरीचा संचालक नेमलं, तेव्हा नेमणाऱ्यांना वाटलं असणार की एक सुसंस्कृत, अभ्यासू, खानदानी माणूस मिळाला. हा काही उपद्व्याप करणार नाही.

त्याच वर्षी तो माक्स लीबरमान या चित्रकाराबरोबर पॅरिसला गेला आणि येताना मानेचं काचघर घेऊन आला. पाठोपाठ मोने, देगा आले. १८९७ साली सेझानचं एक निसर्गचित्र आलं. कुठल्याही संग्रहालयाने विकत घेतलेलं सेझानचं पहिलं चित्र म्हणून ते ओळखलं जातं. खुद्द फ्रान्समध्ये त्या वेळी काय चाललं होतं? चित्रकार आणि संग्राहक गुस्ताव्ह कायबॉत याने मरताना आपला सगळा इम्प्रेशनिस्ट संग्रह फ्रेंच सरकारला फुकट देऊ केला होता. सरकारने बरीच खळखळ करून त्यातला काही भागच घेतला. पॅरिसला जे फुकट नको होतं, ते बर्लिनचा हा माणूस पैसे मोजून आणत होता.

आणि ते लावत कुठे होता? ज्या इमारतीच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत ‘जर्मन कलेला अर्पण’ अशा अर्थाचे शब्द कोरलेत, आणि खाली १८७१ हे जर्मन साम्राज्याच्या स्थापनेचं साल, त्या इमारतीत.

सम्राटाची बाजू

१८९९ साली कैसर गॅलरीत आला. परिणाम असा झाला की फ्रेंच चित्रं मोक्याच्या जागेवरून उचलून वरच्या मजल्यावर न्यावी लागली. शिवाय हुकूम निघाला, की यापुढे गॅलरीत येणाऱ्या प्रत्येक चित्राला सम्राटाची मंजुरी लागेल. विकत घेतलेल्या चित्राला तर लागेलच, कुणी भेट दिलेल्या चित्रालाही लागेल.

या गोष्टीत कैसरला मिशीवाला खलनायक करून टाकणं फार सोपं आहे. पण मग आपण काहीच शिकणार नाही. त्याचा मुद्दा आजही रोज कुणी ना कुणी मांडत असतं, म्हणून तो नीट समजून घेऊ.

१९०१ साली बर्लिनमध्ये सीगेसआले हा त्याचा लाडका रस्ता पूर्ण झाला. दुतर्फा त्याच्या पूर्वजांचे आणि त्यांच्याआधीच्या राज्यकर्त्यांचे संगमरवरी पुतळे, एकूण बत्तीस. त्या निमित्ताने त्याने भाषण केलं. त्याचं म्हणणं साधारण असं होतं: कला लोकांना वर उचलण्यासाठी असते. दिवसभर राबणाऱ्या माणसाला सुंदर आणि उदात्त असं काहीतरी दिसलं पाहिजे. जी कला फक्त दैन्य दाखवते, ती गटारात उतरते आणि लोकांशी द्रोह करते. आणि जी कला मी घालून दिलेल्या मर्यादा ओलांडते, ती कलाच नव्हे.

शेवटचं वाक्य सोडलं तर बाकीचं ऐकायला तितकंसं वाईट नाही. गॅलरी लोकांची, तिच्या भिंतींवर लोकांना भावेल असं हवं, आणि देशाच्या नावाने बांधलेल्या इमारतीत देशातल्या चित्रकारांना आधी जागा हवी. शिवाय हा प्रश्न विचारायला हवाच, की एका नेमलेल्या अधिकाऱ्याला आपली आवड साऱ्या देशावर लादायचा अधिकार कुणी दिला?

चुडीने याला उत्तर दिलं होतं, आणि तेही कैसरच्या आधी. १८९९ सालीच, २७ जानेवारीला, सम्राटाच्या वाढदिवसानिमित्त अकादमीत झालेलं भाषण चुडीचं होतं. विषय होता ‘कला आणि प्रेक्षक’. नवी कला आणि तिचे प्रेक्षक यांच्यात अंतर का पडतं, याबद्दल तो बोलला. वाढदिवसाच्या भाषणात लोक स्तुती करतात. हा गृहस्थ, लोकांना नवं लगेच कळत नाही आणि त्यात नव्याचा दोष नसतो, असं सांगत होता.

‘लोकांना कळत नाही’ हे वाक्य आपल्या कानाला खटकतं, आणि खटकायलाच हवं. पण दोघांनी या वाक्यावरून पुढे काय केलं ते बघा. लोकांना झेपणार नाही, म्हणून काढून टाका, असं सम्राट म्हणत होता. लोकांना अजून कळत नाही, म्हणून लावून ठेवा, असं संचालक म्हणत होता. वरवर पाहता लोकांची काळजी सम्राटाला जास्त दिसते. पण त्याच्या काळजीत लोक आज आहेत तसेच कायम राहणार, हे गृहीत धरलेलं आहे. ज्याला वाटतं की लोक बदलू शकतात, शिकू शकतात, तोच न आवडणारं चित्र चांगल्या उजेडात टांगतो.

दोन चुका

आता मुख्य मुद्दा. समजा दोघंही चुकू शकतात. समजा चुडीची पारख साफ चुकली आणि मानेचं काचघर हे एक सुमार चित्र आहे. काय नुकसान झालं? थोडे पैसे गेले, एका भिंतीवरची जागा गेली, काही लोकांनी नाक मुरडलं. ते वर्तमानपत्रांत ओरडले. पुढचा संचालक आला की चित्र खाली उतरवेल. चूक सगळ्यांसमोर टांगलेली आहे, त्यामुळे ती पकडली जाऊ शकते.

आता समजा सम्राट चुकला. चित्र चांगलं होतं, पण ते आत येऊच दिलं नाही. ही चूक कोण पकडणार? जे दिसलंच नाही त्याबद्दल तक्रार कोण करणार? चित्र न बघितलेल्या माणसाला आपलं काही हुकलंय हेच ठाऊक नसतं. तो समाधानी असतो, आणि त्याचं समाधान पुन्हा पुरावा म्हणून वापरलं जातं: बघा, कुणी मागतंय का ती चित्रं?

दाखवणाऱ्याची चूक स्वतःला उघडं पाडते. लपवणाऱ्याची चूक स्वतःचा पुरावाही लपवते. म्हणून या दोन चुका एका पारड्यात घालता येत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, की हे जरा फारच सोपं झालं. भिंत मोजकीच असते. एक चित्र लावायचं तर दुसरं उतरवावं लागतं. चुडीनेही तेच केलं. गॅलरीची मांडणी बदलताना त्याने कितीतरी देशभक्तीपर, युद्धाची, दरबारी चित्रं उतरवून ठेवली. ज्यांची चित्रं उतरली ते चित्रकार जिवंत होते, वजनदार होते आणि भयंकर चिडले. त्यांच्या दृष्टीने लपवणारा चुडीच होता. मग फरक काय राहिला?

फरक राहतो, पण तो बारीक आहे. उतरवलेली चित्रं त्याच इमारतीत, कोठारात होती. उद्याचा संचालक ती पुन्हा वर आणू शकत होता. शिवाय चुडीची निवड त्याच्या नावावर होती. तिच्यासाठी त्याला जाब विचारता येत होता, शिव्या देता येत होत्या, त्याची नोकरी घेता येत होती. सम्राटाच्या हुकमाने मात्र एक चित्र नाकारलं नाही, दारच आपल्या ताब्यात घेतलं. आणि सम्राटाला जाब विचारायला कुणी जाणार नव्हतं. निवड प्रत्येकच निवडणारा करतो. ती पुढच्याला बदलता येते का आणि तिची किंमत निवडणारा मोजतो का, हे दोन प्रश्न विचारले की संचालक आणि सम्राट वेगळे दिसू लागतात.

मात्र एका बाबतीत चुडीला सहज सोडता येत नाही. सरकारी खरेदीवर कलाकारांच्या समितीचं नियंत्रण होतं आणि ती समिती नव्या फ्रेंच चित्रांना पैसे देणार नव्हती. म्हणून त्याने वेगळी वाट काढली. एदुआर्ड आर्नहोल्ड यांच्यासारखे उद्योगपती, मेंडेल्सझोन घराण्यातले बँकर अशा श्रीमंत मित्रांना त्याने गाठलं. चित्र चुडी निवडणार, पैसे ते देणार, आणि चित्र गॅलरीला भेट म्हणून येणार. आज एखाद्या सरकारी संग्रहालयाच्या संचालकाने समितीला बगल देऊन धनाढ्य मित्रांच्या पैशाने भिंती भरल्या, तर आपण काय म्हणू? चित्रं चांगली आहेत ना, मग चालू द्या, असं म्हणू?

मला वाटतं, इथे चुडी बरोबर होता असं म्हणता येत नाही. फार तर असं म्हणता येतं, की त्या व्यवस्थेत सरळ वाट उरलेली नव्हती. त्याची निवड उघड होती, पण निवडीमागचा पैसा उघड प्रक्रियेतून येत नव्हता. चांगल्या माणसाने चांगल्या हेतूने काढलेली पळवाट पुढे वाईट माणसालाही उपयोगी पडते. चुडीची बाजू घ्यायची तर हेही सोबत घ्यावं लागेल.

काळ काही ठरवत नाही

अशा गोष्टींचा शेवट बहुतेक वेळा ठरलेला असतो: काळाने चुडीला न्याय दिला. आज मानेचं काचघर त्या गॅलरीचं भूषण आहे. सीगेसआलेला तर बर्लिनकर तेव्हाच ‘बाहुल्यांचा रस्ता’ म्हणून हसत होते. पुढे ते पुतळे तिथून हलवले गेले, आता उरलेसुरले श्पांडाऊच्या किल्ल्यात ठेवलेत. म्हणजे चुडी जिंकला, कैसर हरला.

हा युक्तिवाद सुखाचा आहे, पण लंगडा आहे. उद्या जग मानेला विसरलं तर चुडी चुकीचा ठरेल का? आज सेझानच्या चित्राला प्रचंड किंमत येते म्हणून १८९७ सालचा निर्णय नैतिक ठरतो का? तसं असेल तर ती नीतिमत्ता नाही, शेअर बाजार आहे.

आणि ‘काळ’ नावाचा कुणी न्यायाधीश असतो तरी का? याचं उत्तर चुडीच्याच कामात सापडतं. १९०६ साली त्याने आल्फ्रेड लिश्टवार्क आणि युलियस मायर-ग्रेफे यांच्यासोबत नॅशनलगॅलरीत एक भव्य प्रदर्शन भरवलं. १७७५ ते १८७५ या शंभर वर्षांतली जर्मन कला. परदेशी चित्रांचा लाडका म्हणून ज्याला नावं ठेवली, त्यानेच देशभरातून जर्मन चित्रं गोळा केली. त्यातून कास्पार डाव्हिड फ्रीडरिश हा चित्रकार जर्मनीला पुन्हा सापडला. धुक्याच्या समुद्राकडे पाठमोरा उभा असलेला माणूस तुम्ही पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर नक्की पाहिला असेल. तो याच फ्रीडरिशचा.

फ्रीडरिश वारला १८४० साली. म्हणजे १९०६ पर्यंत काळाला सहासष्ट वर्षं मिळाली होती, आणि काळाने त्याला जवळजवळ पुसून टाकलं होतं. त्याला परत आणलं ते काळाने नाही. कोठारांत शिरून धुळीतलं चित्र उजेडात आणणाऱ्या माणसांनी आणलं. ‘काळच ठरवेल’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा ‘दुसरं कुणीतरी बघून घेईल’ एवढंच म्हणत असतो.

आणि चित्र कोठारात शिल्लक होतं, म्हणूनच ते परत आणता आलं.

शेवट बर्लिनमध्ये झाला नाही

१९०८ साली फ्रेंच चित्रांच्या खरेदीवरून पुन्हा ठिणगी पडली. चुडीला रजेवर पाठवण्यात आलं. प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं, त्याचं नाव देशभर झालं, पण बर्लिनची खुर्ची गेली. १९०९ साली बव्हेरियाने त्याला म्युनिकला बोलावलं आणि राज्याच्या सगळ्या चित्रसंग्रहांची जबाबदारी दिली. ल्युपस या आजाराने त्याचा चेहरा कुरतडला होता. वेळ थोडा होता. तरीही त्याने पुन्हा तेच सुरू केलं: व्हॅन गॉग, गोगँ, सेझान, माने. १९११ च्या नोव्हेंबरमध्ये, साठाव्या वर्षी तो वारला, तेव्हा त्याने गोळा केलेल्या कितीतरी चित्रांवर संग्रहालयाचा शिक्का बसायचा होता. मित्रांनी आणि चाहत्यांनी ती चित्रं त्याच्या नावाने म्युनिकला भेट दिली. व्हॅन गॉगची सूर्यफुलं म्युनिकच्या नॉये पिनाकोथेकच्या संग्रहात आहेत, ती या भेटीतली. १९१२ साली कँडिन्स्की आणि फ्रान्झ मार्क यांनी ‘द ब्लू रायडर’ हा नव्या कलेचा ग्रंथ काढला, तो चुडीच्या स्मृतीला अर्पण केला. ते तरुण होते, बंडखोर होते, आणि त्यांनी आपलं पुस्तक अर्पण केलं एका खानदानी सरकारी अधिकाऱ्याला.

चुडीने म्युनिकसाठी मिळवलेल्या चित्रांत व्हॅन गॉगचं एक आत्मचित्र होतं. हिरवट पार्श्वभूमी, जवळजवळ भादरलेलं डोकं, गोगँला अर्पण केलेलं. १९३७ साली नाझींनी म्युनिकमध्येच ‘विकृत कला’ नावाचं प्रदर्शन भरवलं आणि देशभरच्या संग्रहालयांतून आधुनिक चित्रं जप्त केली.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. नाझींनी चित्रं नुसती लपवली नाहीत, आधी दाखवली. लाखो लोकांना दाखवली. मग ‘दाखवणं बरं, लपवणं वाईट’ या हिशोबात हे कुठे बसवायचं? चित्रं दाटीवाटीने लावली होती, भिंतींवर टिंगलीची वाक्यं लिहिली होती. काय वाटून घ्यायचं हे प्रेक्षक दारातून आत येण्याआधीच ठरलेलं होतं. दाखवणं म्हणजे बघणाऱ्याला स्वतःचं मत बनवायला जागा देणं. ती जागा काढून घेतली, तर टांगलेलं चित्रसुद्धा लपवलेलंच असतं.

आत्मचित्राचं पुढे काय झालं? १९३९ साली स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला त्याचा लिलाव झाला. आज ते अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहे. सुखरूप आहे, लोक बघतात, पण म्युनिकच्या भिंतीवर ते परत येणार नाही. कैसरने चित्रं वरच्या मजल्यावर पाठवली होती, तो निर्णय जिना चढून बदलता आला. हा नाही बदलता आला.

आता आपल्या हातातल्या पडद्याकडे वळू. दिवसभर आपल्याला काय दिसावं हे तिथेही कुणीतरी ठरवतं. आपल्याला आवडलं तसंच आणखी दिसत राहतं, आणि न आवडणारं नकळत बाजूला पडतं. तक्रार करावी असं काही दिसतच नाही, म्हणून तक्रारही नसते. या निवडीमागे कुणाचं नाव नसतं, तिच्यापायी कुणाची खुर्ची जात नाही. चुडीशी तुम्ही भांडू शकला असता. त्याने तुमच्यासमोर एक न आवडणारं चित्र टांगलं असतं, खाली उभं राहून तुम्ही म्हणाला असता की हे काय भलतंच आणलंय, आणि त्याला उत्तर द्यावं लागलं असतं.

म्हणून मला चुडीमध्ये मोठी वाटते ती गोष्ट त्याची अचूक पारख नाही. पारख थोडी नशिबाचीही असते. आपली निवड लोकांसमोर टांगून, तिच्या शेजारी स्वतः उभं राहणं, ही ती गोष्ट. ते करायला सम्राटाशी भांडण लागत नाही. वर्गातल्या वाचनयादीत एक नको असलेलं पुस्तक घालणारा शिक्षक ते करतो, आणि ‘हे तुम्हाला आवडणार नाही, पण बघा’ असं म्हणून मित्रांना एखादा सिनेमा दाखवणारी मुलगीही तेच करते. आपण चुकलो तर ते सगळ्यांना दिसेल, हे दोघांनाही माहीत असतं.